मधल्या मुक्कामाची इंग्रजी



देवळाली कँप हें गांव बहुतेकांस ठाऊक असतें तें तेथील लष्करी छावणीमुळें आणि कोरड्या, निरोगी हवेमुळें. परंतु या गांवाच्या नांवावरून इंग्रजी भाषेंत एक शब्द रूढ झाला आहे, ही गोष्ट पुष्कळांना नवी वाटेल. डोकें फिरलेल्या माणसाला इंग्रज लोक 'डूलाली' म्हणतात. हें डूलाली म्हणजे आमची देवळालीच. ब्रिटिश अमदानींत नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई स्वदेशीं परतण्यापूर्वीं येथील छावणींत येऊन राहत. त्यांना नेणारीं जहाजें मुंबईहून हिंवाळ्याच्या मोसमांतच सुटत; मोसम हुकला कीं महिनेच्या महिने येथें काढावे लागत. काम नाहीं, घर दूर, आणि उन्हाळा डोक्यावर! अशा स्थितींत कित्येकांचें चित्त थाऱ्यावर राहत नसे. त्या अवस्थेला शिपायांनीं 'डूलाली टॅप' असें नांव दिलें. त्यांतील 'टॅप' म्हणजे हिंदुस्थानी 'तप', अर्थात् आपला ताप.

मी या गांवीं राहतों आणि महाविद्यालयांत इंग्रजी शिकवितों. वर्गांत जातांना मला या शिपायांची अनेकदां आठवण होते; कारण माझे विद्यार्थीहि असेच मधल्या मुक्कामावर अडकलेले असतात. एक किनारा सुटला आहे, दुसरा दिसत नाहीं, आणि जहाज केव्हां येणार हें कोणी सांगत नाहीं. आज मला बोलावयाचें आहे तें या मधल्या मुक्कामाच्या इंग्रजीविषयीं.

हे विद्यार्थी कोण? भगूर आणि दारणाकांठच्या खेड्यांतून येणारीं, मराठी शाळेंत शिकलेलीं हीं मुलें. १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारनें इंग्रजीचा आरंभ आठव्या इयत्तेवर नेला. त्यामुळें यांच्या आजोबांच्या पिढीला शाळेंत अवघीं चार वर्षें इंग्रजी मिळाली. महाराष्ट्रांत २००० सालीं पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झाली. म्हणजे आजचा विद्यार्थी विद्यापीठाच्या दारांत येतो तेव्हां बारा वर्षांचा अभ्यास त्याच्या गांठीं असतो. वाचलेलें बरेंचसें त्याला समजतें, व्याकरणाचे नियमहि पाठ असतात. पण मनांतलीं दोन वाक्यें बोलावयाचीं झालीं कीं जीभ जड होते.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. माझ्या वर्गांतील एक मुलगी दोन दिवस आली नव्हती. तिसऱ्या दिवशीं मीं कारण विचारलें. ती उठून उभी राहिली आणि इंग्रजींत म्हणाली, "माय मदर इज हॅविंग फीवर फ्रॉम टू डेज." मीं तत्काळ सांगितलें, "फ्रॉम नव्हे, फॉर." वर्ग हसला. मीहि थोडा हसलों. ती खालीं बसली, आणि वर्षअखेरपर्यंत माझ्या तासाला तिनें एकहि शब्द उच्चारला नाहीं. तिच्या आईची प्रकृति कशी आहे हें विचारावयाचें राहूनच गेलें, हें माझ्या ध्यानांत आलें तें पुष्कळ उशिरां.

तिचें तें वाक्य मीं पुढें अनेकदां तपासून पाहिलें. 'माझ्या आईला दोन दिवसांपासून ताप येत आहे' हें त्याचें मूळ मराठी रूप. त्यांतील 'पासून' याचें तिनें 'फ्रॉम' केलें आणि 'येत आहे' याचें 'इज हॅविंग' केलें. परवां सुरू होऊन आजहि चालू असलेली गोष्ट मराठी वर्तमानकाळाच्या रूपानें सांगते; इंग्रजीला तेथें 'हॅज हॅड' असा पूर्ण वर्तमानकाळ लागतो. 'अ' आणि 'द' यांसारखीं उपपदें मराठींत नाहींतच, म्हणून तीं आमच्या तोंडून गळतात. प्रश्न विचारतांना कर्ता आणि क्रियापद यांची अदलाबदल करण्याची आम्हांला संवय नाहीं, म्हणून आमचे इंग्रजी प्रश्न सरळ विधानांसारखे निघतात. तात्पर्य, त्या मुलीची चूक अडाणीपणाची नव्हती. एका भाषेचें व्याकरण तिच्या अंगीं पुरें मुरलें होतें, त्याची ती खूण होती. ही चूक सुधारली पाहिजे हें खरें. पण ती हसण्याजोगी मात्र नाहीं.

दुसरी अडचण शब्दांची. मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणतज्ज्ञानें पूर्वीं बंगालमध्यें डाक्क्यास काम केलें होतें. त्यानें १९५३ सालीं नित्याच्या उपयोगांतील सुमारें २,००० इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साधारण मजकुरांतील शेंकडा ८० च्या आसपास शब्द या यादींतलेच निघतात. म्हणून तेथपर्यंतची वाटचाल झपाट्यानें होते. परंतु उरलेले शेंकडा २० शब्द हजारों शब्दांमध्यें विखुरलेले असतात. न्यूझीलंडमधील संशोधक पॉल नेशन यांनीं २००६ सालीं केलेल्या हिशेबाप्रमाणें कादंबरी किंवा वर्तमानपत्र न अडखळतां वाचावयास, एका मुळापासून झालेले शब्द एकत्र धरून, ८,००० ते ९,००० शब्दकुलें ओळखीचीं असावीं लागतात. दोन हजार आणि आठ हजार यांच्यामधला जो लांबलचक प्रदेश, तोच हा मधला मुक्काम. येथें रोज पांच शब्द नवे शिकले तरी वाचन सोपें झाल्यासारखें वाटत नाहीं. कारण आज शिकलेला शब्द पुन्हा भेटावयास कित्येक आठवडे जातात. विद्यार्थ्याला मात्र वाटतें, आपलीच बुद्धि खुंटली.

मग तो मार्गदर्शिकेला शरण जातो. निबंध पाठ, पत्र पाठ, कवितेचें रसग्रहणहि पाठ! परीक्षा पार पडते, पण इंग्रजी होती तेथेंच राहते. पुढें नोकरीच्या मुलाखतींत, पाठ न केलेला पहिलाच प्रश्न आला कीं, तो गप्प बसतो. आणि त्याची खरी योग्यता समोरच्या माणसाला कधींच कळत नाहीं.

युरोपीय परिषदेनें २००१ सालीं परभाषेच्या ज्ञानाच्या सहा पायऱ्या ठरविल्या. त्यांतील तिसऱ्या पायरीवर, म्हणजे आपल्या या मधल्या टप्प्याच्या आरंभीं, विद्यार्थ्याकडून काय अपेक्षिलें आहे? आपला अनुभव सांगतां यावा, आपल्या मताचीं कारणें थोडक्यांत देतां यावींत, प्रवासांत अडचण आली तर निभावून नेतां यावी. निर्दोष भाषेची अट तेथें नाहीं.

माझ्या अनुभवाप्रमाणें या मुक्कामावरून पुढें नेणारे उपाय दोन. पहिला, सोपीं पुस्तकें पुष्कळ वाचणें. सोपें पुस्तक म्हणजे ज्यांत शंभर शब्दांमागें दोनांहून अधिक शब्द अडत नाहींत तें. असें पुस्तक हातीं घेण्यांत पदवीच्या विद्यार्थ्याला कमीपणा वाटतो; पण एकच शब्द निरनिराळ्या वाक्यांतून वारंवार भेटावा, तर दुसरा मार्ग नाहीं. दुसरा उपाय, रोज स्वतःच्या आयुष्याविषयीं पांच ओळी लिहिणें. तोफखान्याच्या शाळेच्या सरावाचे धडाके, लाम रोडवरची रहदारी, घरच्या कांद्याला मिळालेला भाव, आजीचें दुखणें. या गोष्टी कोणत्याहि मार्गदर्शिकेंत सांपडत नाहींत. म्हणूनच तेथें वाक्य स्वतः घडवावें लागतें, आणि घडवितां घडवितांच तें येऊं लागतें.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्याच्या हातीं नाहीं. ती आपल्या हातीं आहे. याच छावण्यांतून गोऱ्या शिपायांनीं चिठ्ठीचें 'चिट' केलें, विलायतीचें 'ब्लायटी' केलें. आमच्या लोकांनीं 'रिक्रूट'चा रंगरूट आणि 'ऑर्डर्ली'चा अर्दली केला. ते मोडकेंतोडकें बोलले, पण बोलले. आणि दोन्ही भाषांनीं ते शब्द ठेवून घेतले. आपणां श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं इंग्रजी सहज बोलली जाते. तेथें गांवाकडून शिकावयास आलेला एखादा भाचा किंवा पुतणी असेल. जेवतांना तिनें एखादें वांकडें वाक्य उच्चारलें, तर आधीं त्याला उत्तर द्यावें. दुरुस्ती मागाहून, एकांतीं करावी.

आमच्या जिल्ह्यांतील महाविद्यालयें ज्या विद्यापीठाशीं जोडलेलीं आहेत, त्याला २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे. ज्यांना विद्या नाकारली गेली त्यांना इंग्रजी शिकण्याचा उपदेश सावित्रीबाईंनीं १८५४ सालच्या 'काव्यफुले' या संग्रहांत केला. त्या नांवाच्या विद्यापीठांत खेड्यांतील मुलगी हशाच्या भीतीनें गप्प बसत असेल, तर ती उणीव तिच्या इंग्रजीची नव्हे, आमची आहे.

त्या वर्षापासून मीं स्वतःला एक नियम घालून घेतला आहे: आधीं आईची विचारपूस, मग व्याकरण. हा नियम पाळूं लागल्यापासून माझ्या वर्गांत चुका पूर्वींपेक्षां पुष्कळच अधिक ऐकूं येतात. आणि त्याचें मला समाधान वाटतें.