दीर्घ आजार, मनोविकार आणि कुटुंब
(विश्वस्त मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



वर्षाचा ताळेबंद आपल्यापुढे मांडून झाला आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु बिलाच्या खिडकीवर जे दिसते ते तपासणीच्या खोलीत दिसतेच असे नाही, म्हणून थोडे बोलण्याची अनुज्ञा मागतो.

महाडचे नाव वैद्यकीय जगात पोहोचले ते विंचूदंशामुळे. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिला आणि 1986 साली त्यांचे लेखन ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. विंचूदंशाचा निकाल एकदोन दिवसांत लागतो. सारी वाडी धावते, रुग्ण बरा होतो आणि घर पूर्ववत चालू लागते. मधुमेह, पक्षाघात, मूत्रपिंडाचा विकार, स्किझोफ्रेनिया यांना असा निकाल नसतो. पहिल्या महिन्यात विचारपूस करणारे सहाव्या महिन्यात येईनासे होतात.

आंबेनळी घाटाच्या कुशीतील वाड्या घ्या. कर्ता मुलगा मुंबईस, भातशेती आणि म्हातारी माणसे सुनेच्या हाती, अशी येथील अनेक घरांची घडी आहे. सासऱ्यांना पक्षाघात झाला की सुनेचे माहेरी जाणे प्रथम थांबते. मग शेत अर्धेलीने दिले जाते. पुढे मुंबईचा मुलगा नोकरी सोडून गावी येतो आणि नातीचे शिक्षण दहावीवर अडते. डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी सुमारे 4 तास; रुग्णाबरोबर येणाऱ्याचाही तो दिवस बुडतो. ही रक्कम कोणत्याच पावतीवर येत नाही. उशाशी बसून राहणाऱ्या त्या सुनेची झोप, तिची पाठ, तिचे मन यांची नोंद तर कोठेच नाही. ‘तुम्हांला काही होते का?’ असे तिला विचारले की ती आधी सासऱ्यांचीच तक्रार सांगते.

मनोविकार असेल तर यावर लपवाछपवीची भर पडते. मुलीची सोयरीक मोडेल या भयाने भावाचा आजार झाकला जातो. देवाला कौल लावण्यास माझा विरोध नाही. श्रद्धेने मनाला आधार मिळतो. पण कौल मिळाला म्हणून गोळी बंद होते, तेव्हा आजार दुप्पट जोराने उलटतो. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा 2004 सालचा चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ कोकणातला. पण त्याला सांभाळणाऱ्या बहिणीच्या संसारावर काय ताण येतो, हे त्यात फार संयमाने दाखविले आहे. त्या चित्रपटाशी निगडित असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी हा आजार स्वतःच्या घरात अनुभवला होता. त्यांच्या प्रयत्नांतून पुण्यात उभ्या राहिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्णांइतकेच त्यांच्या कुटुंबीयांकडे लक्ष दिले, हे मला विशेष वाटते.

28 जुलै 2018 रोजी याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. एकच जण वाचला. 22 जुलै 2021 रोजी तळीये गावावर दरड आली. अशा वेळी मदत येते, मृतांची गणती होते, वारसांना धनादेश मिळतात. परंतु पावसाचा जोर वाढला की रात्रभर जागे राहणारे घर कोणत्या रकान्यात लिहावयाचे?

सन 2006 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठरवून दिलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन व 10 टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात, आणि एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत भरावी लागते. योजना उपकारक आहे, याविषयी दुमत नसावे. पण तिचा हिशेब खाट आणि बिल यांवर चालतो, आणि दीर्घ आजार बहुतांशी घरच्या बाजेवर भोगला जातो.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 नुसार विमा कंपन्यांना मनोविकारासाठीही शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे लागते. ऑक्टोबर 2022 पासून ‘टेली-मानस’चा 14416 हा विनामूल्य क्रमांक सुरू आहे, त्यावर मराठीतून बोलता येते. ही माहिती बिलाच्या खिडकीजवळ ठळक अक्षरांत लावावी. तेथे रांगेत रुग्ण क्वचितच असतो, नातेवाईक असतो.

विश्वस्तांपुढे माझी मागणी लहान आहे. दीर्घ आजाराच्या केसपेपरवर काळजी घेणाऱ्या व्यक्तीसाठी एक रकाना असावा: नाव, वय, तिचा रक्तदाब, तिची झोप. रुग्णाच्या प्रत्येक तिसऱ्या भेटीत परिचारिकेने तिच्याशी 10 मिनिटे स्वतंत्र बोलावे. शक्यतो सासूबाई जवळ नसताना. या तपासणीचे शुल्क घेऊ नये. छपाईचा खर्च पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात सामावून घेता येईल, तो तक्ता मी सोबत जोडला आहे.