हॉटेलच्या लॉबीतला रांजण आणि लेबलावरचं नाव

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाची लिखित प्रत. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' जरा कमी केलेत.)

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर भांडी घासत असाल. भांडी घासत असाल तर उत्तमच, कारण आज भांड्यांबद्दलच बोलायचंय.

आधी माझी थोडी ओळख. मी पुण्याची. मुंढव्याच्या केशवनगरची. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, केशवनगर म्हणजे पुण्याचा कुंभारवाडा. आमची बरीच घरं मूळची कसब्यातली, नंतर इकडे आलेली. दिवाळीच्या आधी आलात तर रस्त्याच्या कडेला पणत्यांचे डोंगर दिसतील. आता मागे टॉवर आहेत आणि पुढे भट्ट्या. धूर झाला की टॉवरवाले ओरडतात. असो, तो वेगळा विषय.

माझे वडील कुंभार. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मी बी.कॉम. केलं, दोन वर्षं नोकरी केली, आणि मग एका स्टुडिओत जाऊन पैसे भरून पॉटरी शिकले. हो, हसा. कुंभाराची पोरगी फी भरून माती शिकायला गेली. आमच्या गल्लीत अजून हा जोक चालतो.

पण खरं सांगते, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. अण्णांची माती लाल. ती आमच्या भट्टीत साधारण 800-900 अंशांवर भाजते आणि भाजल्यावरही सच्छिद्र राहते. म्हणूनच माठातलं पाणी गार होतं. पाणी हळूहळू बाहेर झिरपतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती आतली उष्णता घेऊन जाते. स्टुडिओत आम्ही वापरतो ते स्टोनवेअर. ते 1200 अंशांच्या वर जातं, आतून काचेसारखं घट्ट होतं, वर ग्लेझ चढतं. त्यातून पाणी पाझरत नाही, म्हणून कॉफीचा मग छान होतो, पण माठ होत नाही. मी एकदा हौसेनं अण्णांच्या मातीचं भांडं स्टुडिओच्या गॅस भट्टीत 1220 ला घातलं. दार उघडलं तर भांडं नव्हतंच. खाली फुगलेला, बसलेला तपकिरी पापड. भट्टीची फळीसुद्धा खराब झाली, तिचे पैसे मीच भरले.

तर, गेल्या पावसाळ्यात आमच्या सात जणांच्या ग्रुपला पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात प्रदर्शन करायची संधी मिळाली. नाव सांगत नाही. कंटेम्पररी सिरॅमिक्स, दहा दिवस, लॉबी आणि पहिल्या मजल्याचा पॅसेज.

तुम्ही म्हणाल, हॉटेलात कशाला? गॅलरी नाहीत का? आहेत. पण गॅलरीचं भाडं असतं, तारखा महिनोन्‌महिने आधी जातात, आणि गॅलरीत तेच शंभर लोक येतात जे नेहमी येतात. हॉटेलात भाडं नव्हतं, विक्रीवर 30 टक्के कमिशन होतं. आणि लॉबीतून रोज शेकडो लोक जातात. हॉटेलला काय मिळतं? त्यांची लॉबी दहा दिवस नवी दिसते. सरळ व्यवहार आहे.

पण लॉबी म्हणजे गॅलरी नव्हे, हे पहिल्याच दिवशी कळलं. संगमरवरी भिंतीत खिळा मारायचा नाही. लाइट त्यांच्या वेळेनुसार कमी-जास्त होणार. शेजारी बँक्वेट हॉल, म्हणजे लग्नाची वऱ्हाडं, म्हणजे पळणारी पोरं. आम्ही प्रत्येक भांड्याच्या बुडाला मेणासारखी पुट्टी लावून ते स्टँडवर चिकटवलं, म्हणजे धक्का लागला तरी लगेच पडणार नाही. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आले तर माझ्या रांजणात कुणीतरी ओली छत्री ठेवलेली!

आता त्या रांजणाबद्दल. माझं मोठं काम तेवढंच होतं. अडीच फूट उंच, काळपट लाल, अंगावर धुराचे डाग. हे डाग मुद्दाम केलेले. एकदा भाजून झालेलं भांडं लाकडाच्या भुशात पुरून तो भुसा धुमसत ठेवायचा. जिथे धूर अडकतो तिथे काळं होतं. त्याआधी कच्च्या भांड्यावर गेरू देऊन मी गुळगुळीत गारगोटीनं पाच दिवस घासलं होतं. चकाकी आली ती त्या घासण्याची, ग्लेझची नाही.

पण हे सगळं नंतरचं. मुळात तो रांजण घडवला कुणी?

आकार मी कागदावर काढला होता. चाकावर अर्धं मी ओढलं. पण एवढं मोठं भांडं नुसतं चाकावर होत नाही. चाकावर जाड आणि बुटकं काढायचं, जरा आवळलं की आतून दगडाचा गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकत ठोकत फुगवायचं. भिंत पातळ होत जाते, पोट भरत जातं. कुठे किती ठोकायचं हे हाताला कळतं, आवाजावरून कळतं. मला अजून जमत नाही. माझी दोन फाटली. तिसरं अण्णांनी घेतलं. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, उन्हाचा अंदाज घेत घेत. शेवटच्या दिवशी माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "घे, तुझं प्रदर्शन."

आणि लेबलावर मी काय लिहिलं? माझं नाव. खाली 'टेराकोटा, स्मोक फायर्ड'. खाली किंमत, 22,000. बस.

मुद्दाम लिहिलं का? तेव्हा मी म्हटलं असतं, नाही. फॉर्ममध्ये एकच रकाना होता, 'आर्टिस्ट'. कल्पना माझी, आकार माझा, धूर माझा. आणि खरं सांगू? मला भीती वाटत होती. बाकी सहा जणांपैकी कुणी डिझाइन शिकलेलं, कुणी पाँडिचेरीला राहून शिकून आलेलं. तिकडे गोल्डन ब्रिज पॉटरी म्हणून जागा आहे, 1971 पासूनची, आपल्या देशातले कितीतरी स्टुडिओ पॉटर तिथून तयार झाले. त्यांच्यात मी 'वडिलांनी घडवून दिलं' असं कसं लिहू? लोक म्हणतील, मग हिनं काय केलं?

पाचव्या दिवशी दुपारी लॉबी रिकामी होती. हाउसकीपिंगच्या एक मावशी रोज आमचे स्टँड पुसायच्या. त्या रांजणाशी थांबल्या. म्हणाल्या, "आमच्या गावी दाराशी अर्धा पुरलेला होता असाच. यात पाणी गार होतं का गं?"

मी म्हटलं, "नाही मावशी, घासून घासून याची छिद्रं बुजलीत. फारसं नाही होणार."

"मग हे कशाला?" असं त्या म्हणाल्या नाहीत हं. त्यांनी पोटावर हळूच टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "भाजलाय मात्र चांगला. कुणी केला?"

मी म्हटलं, "मी." आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडला तेव्हाच तो मला खोटा वाटला. म्हणजे पूर्ण खोटा नाही. अर्धा.

शेवटच्या रविवारी अण्णा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी. गेटवर बॅगा तपासतात ना, तिथे त्यांना विचारलं, "काका, कुणाकडे आलात?" बाकी लोक सरळ आत जात होते. मी धावत गेले. अण्णा काही बोलले नाहीत. आत आल्यावर सवयीनं त्यांनी रांजणाच्या काठावरून हात फिरवला, तर सिक्युरिटीचा मुलगा लांबून म्हणाला, "ओ काका, हात नका लावू."

त्या पोराची चूक नाही. त्याला तसंच सांगितलेलं. आमच्याच ग्रुपनं सांगितलेलं. पण ज्या हातांनी ते भांडं ठोकून ठोकून फुगवलं, त्याच हातांना सांगितलं गेलं, हात नका लावू.

तेवढ्यात एक बाई आल्या, चांगल्या जाणकार होत्या. त्यांनी अण्णांना विचारलं, "सुंदर आहे ना? कुणी केलंय?" आणि अण्णा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पोरीनं."

लाज वाटली मला, मंडळी. खूप.

रात्री मी विषय काढला. अण्णा जेवत होते. म्हणाले, "माठावर कधी कुणाचं नाव बघितलंस का? तुझ्या आज्यानं हजारो केले." मला वाटलं, संपला विषय, त्यांना पर्वा नाही. मग पाणी पिऊन म्हणाले, "पण ते माठ होते. बाजारात सगळ्यांचे सारखेच. इथं एका भांड्यावर एक नाव लावायची रीत आहे, तर मग बरोबर लावावं."

याच्यावर मी नंतर बरंच वाचलं. जपानमध्ये यानागी सोएत्सू म्हणून विचारवंत होते. त्यांनी 1920 च्या दशकात 'मिंगेई' ही कल्पना मांडली, लोकांची कला. निनावी कारागिराची साधी, रोजच्या वापरातली वस्तू हेच खरं सौंदर्य. मला ती कल्पना आवडते. आपले गुरुचरण सिंग, ज्यांनी दिल्लीत स्टुडिओ पॉटरी रुजवली, तेही तरुणपणी जपानला जाऊन त्या मंडळींना भेटले होते. पण गंमत बघा, निनावीपणाचं कौतुक करणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत आहेत. निनावी कारागिराचं नाव नाही.

आणि लांब कशाला, भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जा. तिथे मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये 19व्या शतकात केलेली ग्लेझची भांडी आहेत. 1870 च्या दशकात जॉर्ज टेरी या तिथल्या इंग्रज शिक्षकानं ते काम सुरू केलं. त्यांचं नाव इतिहासात आहे. चाकावर कोण बसलं होतं? ती नावं मला तरी कुठे दिसली नाहीत.

उलट उदाहरणही आहे. ब्रह्मदेव राम पंडित. बिहारच्या कुंभार घरातले, आपल्या भाईंदरला स्टुडिओ केला, 2013 ला पद्मश्री मिळाली. म्हणजे चाकावरचा माणूस स्वतःच्या नावानं उभा राहू शकतो. त्यासाठी आपली गल्ली लपवावी लागत नाही. हे मला आधी कळायला हवं होतं.

सोमवारी, शेवटच्या दिवशी, मी ज्या ताई सगळं बघत होत्या त्यांना म्हटलं, लेबल बदलायचंय. त्या म्हणाल्या, "आज? संध्याकाळी तर काढायचंय सगळं. आणि कॅटलॉग छापून झालाय." बरोबर होतं त्यांचं. मग मी हॉटेलच्या रिसेप्शनवरून एक कोरं कार्ड मागितलं आणि पेननं लिहिलं. घडवणं, थापणं: अण्णांचं पूर्ण नाव. आकार, घोटणं, धूर: माझं. सहा तास लागलं ते लेबल. किती जणांनी वाचलं माहीत नाही. मावशींनी वाचलं. म्हणाल्या, "वडील का तुझे? मग सांगायचं की तेव्हाच."

आणि हो, विकला गेला. त्या रविवारच्या बाईंनीच घेतला. मी त्यांना फोन करून आधी सगळं सांगितलं, घ्यायचा नसेल तर नका घेऊ म्हटलं. त्या म्हणाल्या, "ते कार्ड पण बरोबर द्या."

हिशोब सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. 22,000 मधले 6,600 कमिशन. राहिले 15,400. निम्मे अण्णांना, 7,700. अण्णांनी पैसे मोजले आणि म्हणाले, "पंचवीस माठ." 300 ला एक माठ धरला तर तेवढंच होतं. मग म्हणाले, "पंचवीस माठ पंचवीस घरांत गेले असते." मला उत्तर सुचलं नाही. अजून नाही सुचलेलं. पण थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "त्या कार्डाचा फोटो आहे का तुझ्या मोबाइलमध्ये?" होता. त्यांना व्हॉट्सअ‍ॅप केला.

आता तुमच्यासाठी तीन गोष्टी, आणि मग मी गप्प बसते.

एक. हॉटेलात प्रदर्शन असेल तर जा. लॉबीत लावलेल्या प्रदर्शनाला सहसा तिकीट नसतं. गेटवर विचारलं तर सांगा, प्रदर्शन बघायला आलोय. घाबरू नका. आणि आई-वडिलांना न्या.

दोन. हात लावायचा असेल तर विचारा. पॉटरला विचारलंत तर बहुतेक जण खुशीनं हातात देतील. बूड बघा. तिथे ग्लेझ नसतं, मातीचा खरा रंग दिसतो, कधी शिक्का असतो. हळूच टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर तडा असू शकतो. बाजारात माठ घेतानाही हेच करायचं.

तीन. विचारा, "हे कुणी कुणी केलंय?" 'कुणी' नाही, 'कुणी कुणी'. माती कुणी मळली, चाकावर कोण होतं, भट्टी कुणी लावली. उत्तर देणारा जरा अडखळला तर समजून घ्या. मीही अडखळले होते.

पुढच्या प्रदर्शनाचा फॉर्म परवा आला. 'आर्टिस्ट' असा अजूनही एकच रकाना आहे. मी त्यात दोन नावं बसवलीत, अक्षर बारीक करून.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात कुणाच्या हातचं, पण बिननावाचं असं काय काय आहे ते मला नक्की कळवा. काळजी घ्या, पाणी प्या, जमलं तर माठातलं. भेटूया पुढच्या भागात!