पुसलेली अक्षरं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



'तुझ्या जुन्या शस्त्रांच्या छंदाबद्दल बोल' असं संयोजकांनी सांगितलं. हा छंद सुरू झाला तो आपल्याच शाळेमुळे, आणि माझ्या एका चुकीमुळे.

आठवीत असताना शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. आमच्या देवघरात एक कट्यार होती. पातं गंजून तपकिरी झालेलं. प्रदर्शनात उठून दिसावी म्हणून मी ती रात्री चिंच, राख आणि शेवटी पॉलिश पेपर लावून घासली. सकाळी आरशासारखी चकाकत होती. बक्षीसही मिळालं! घरी आल्यावर आजोबांनी ती उजेडात धरली, मुठीजवळ बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "इथे चार अक्षरं होती रे." झिजलेली होती, त्यांनाही नीट लागत नसत. आता ती कोणालाच लागणार नाहीत.

पुढे मी बोटीवर इंजिनियर झालो. एकदा बोट योकोहामाला लागली, तेव्हा टोकियोत उएनोचं राष्ट्रीय संग्रहालय पाहिलं. तिथे तांतो, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटरच्या आतल्या पात्याचे खंजीर, आणि त्याहून लांब वाकिझाशी मूठ काढून ठेवल्या होत्या. पातं लखलखीत, पण मुठीत जाणारा भाग गंजून काळपट. मला वाटलं, हा तेवढा घासायचा राहिला. मग कळलं, तो मुद्दामच घासत नाहीत. कारागिराची सही तिथेच असते आणि त्या गंजावरून जाणकार वय ओळखतात. पात्याला लावायचं तेल 'चोजी'. चोजी म्हणजे लवंग! आपल्या बागेतला वास तिथे आला आणि आजोबा आठवले.

जपानमध्ये १८७६ साली कमरेला तलवार लावायला बंदी आली. आपल्याकडे १८७८ चा शस्त्र कायदा आला. दोन्हीकडे शस्त्रं घरात गेली. आज तिथे प्रत्येक जुन्या तलवारीची सरकारी नोंद असावी लागते. आपल्याकडे ती देवघरात किंवा माळ्यावर गेली आणि दर खंडेनवमीला आपण ती भक्तिभावाने घासत राहिलो. कोफ्तगिरीची सोन्याची तार, नाव, शिक्का, सगळं थोडं थोडं पाण्याबरोबर गेलं. शत्रूने नाही, आपणच पुसलं.

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने रघुजी भोसल्यांची तलवार घेतली. ती त्यांची, हे कशावरून कळलं? पात्यावर सोन्यात देवनागरी अक्षरं आहेत म्हणून. कोणी ती घासली असती, तर उरलं असतं फक्त एक जुनं पातं.

म्हणून हात जोडून सांगतो. घरात कट्यार, बिचवा, पट्टा काही असेल तर पूजा जरूर करा. पण हळदकुंकू पाटावर वाहा, पात्यावर नको. पाणी, चिंच, पॉलिश पेपर नको. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. खोबरेल नको, ते चिकट होतं. आपल्या खाऱ्या, दमट हवेत चामड्याच्या म्यानात ओल धरते, म्हणून पातं बाहेर ठेवा. फोटो काढा, कोणाचं, कुठून आलं ते लिहून ठेवा. शस्त्र कायदा आणि १९७२ चा पुरावस्तू कायदा यांची चौकशी करा. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू परस्पर परदेशी पाठवता येत नाही, हेही नातवंडांना सांगा.

माझ्या छोट्या संग्रहात आज पहिली जागा त्या कट्यारीला आहे. सगळ्यात चकचकीत तीच, आणि जिच्याबद्दल मला काहीच सांगता येत नाही, अशीही तीच. तुमच्या माळ्यावरची अजून बोलत असेल. घरी गेलात की उजेडात धरून बघा.