तबकडीतील तीन मिनिटे : श्रवण, संग्रह आणि जतन

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्यासारख्या कापड दुकानदाराला शास्त्रीय संगीतावर बोलण्यास पाचारण केल्याबद्दल प्रथम विश्वस्तांचे आभार मानतो. मी गायक नाही आणि समीक्षकही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांच्या गादीवर बसलो, एवढेच माझे शिक्षण. चाळीस वर्षे ऐकत आलो, जमवीत आलो, ही माझी पात्रता. म्हणून रागशास्त्राच्या वाटेला न जाता, ज्या वस्तूंवरून माझा हात रोज फिरतो त्या जुन्या ध्वनिमुद्रिकांविषयीच मी बोलणार आहे. त्यामागचा हेतू आरंभीच सांगून टाकतो. सांगली, मिरज आणि आसपासच्या गावांतील घरांच्या माळ्यांवर आजही अशा तबकड्या पडून आहेत आणि दर दिवाळीच्या साफसफाईत त्यांतील काही भंगारवाल्याच्या हातगाडीवर जात आहेत. त्या वाचाव्यात, अशी माझी इच्छा आहे.

हिंदुस्थानात व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली कलकत्त्यात झाला. ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गायसबर्ग इंग्लंडहून यंत्रसामग्री घेऊन आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे, आवाजाच्या धक्क्याने सुई हलावयाची आणि मेणाच्या चकतीवर खाच कोरली जावयाची, अशी ती रीत होती. ही मेणाची मूळ मुद्रणे जहाजाने जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तेथे छापलेल्या तबकड्या परत येत. तेथील कामगारांना गायक ओळखता यावा म्हणून गौहरजान गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव उच्चारीत. आज ते ऐकताना आपणांस गंमत वाटते. परंतु माझ्यासारख्या व्यापाऱ्याला त्यात मालावर शिक्का मारण्याची शिस्त दिसते. पुढे १९०८ साली कलकत्त्याजवळ सियालदह येथे तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला आणि हॅनोव्हरची फेरी संपली.

या तबकड्या लाखेच्या असत, म्हणजे दगडाची भुकटी, काजळी व इतर द्रव्ये लाखेत बांधून त्या दाबल्या जात आणि ती लाख बहुतांशी आपल्याच देशातून जात असे. आमच्या घरातील एका वडीलधाऱ्यांनी मला एकदा अडविले होते. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य येते, मग हे काय चालविले आहेस, असा त्यांचा प्रश्न होता. मी म्हणालो, काका, मी लाखेचा व्यापार करीत नाही, लोकांनी टाकून दिलेली लाख सांभाळतो. ते हसले. त्यांचे पूर्ण समाधान झाले असे मात्र मी म्हणणार नाही.

आता ऐकण्याविषयी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मिळत, बारा इंचीवर त्याहून मिनिटभर अधिक. ज्या गायकाला मैफलीत एक राग मांडण्यास तासभर लागे, त्याने तीन मिनिटांत काय करावे? पुष्कळांनी विलंबित लय सोडून दिली. काहींनी दोन आलाप, चार बोलताना, दोन ताना आणि सम, असा आराखडा बांधून घेतला. म्हणून तबकडी ऐकून गायकाविषयी अंतिम मत देणाऱ्यांशी माझे पटत नाही. नमुन्याच्या तुकड्यावरून ताग्याचे पोत कळते, रंग कळतो, परंतु तागा पुढे कसा उलगडला असता हे कळत नाही. तथापि नमुना उत्तम असेल तर विणकराचा हात लपत नाही. द. वि. पलुसकरांच्या छोट्या मुद्रिका ऐकाव्यात. १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. त्यांना समक्ष ऐकलेले श्रोते आता विरळाच उरले आहेत. तरी त्यांचा निर्मळ, आखीव गळा आपण ओळखतो, तो या तीन-तीन मिनिटांच्या बळावर.

उलट ज्यांनी मुद्रण केलेच नाही त्यांचे काय झाले, हेही पाहावे. भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले, त्यांचा स्वर आपल्याकडे नाही. कोल्हापूर दरबारचे गायक, जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते. ध्वनिमुद्रणाचे तंत्र त्यांच्या उमेदीतच आले होते, परंतु त्यांच्या गायनाची तबकडी नाही. त्यांचे गाणे कसे असेल याचा तर्क आपण केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर या शिष्यांच्या मुद्रिकांवरून बांधतो. घराण्याची विद्या शिष्यांमुळे टिकली हे खरे, पण गुरूंचा कंठ कायमचा गेला. कोल्हापूरला एखाद्या लग्नकार्यास गेलो की हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

मिरजेची गोष्ट निराळी आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले होते. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात एका रेल्वे स्थानकावर त्यांचा अंत झाला आणि मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांचे दफन झाले. त्यांच्या स्मरणार्थ तेथे होणाऱ्या संगीतसभा आपल्यापैकी अनेकांनी ऐकल्या असतील. खाँसाहेबांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुद्रण केले आणि पुढे आयुष्याच्या अखेरच्या वर्षांतही केले. पहिले कर्ण्यासमोरचे, दुसरे मायक्रोफोनसमोरचे. ही दोन्ही पाठोपाठ ऐकली म्हणजे केवळ यंत्रात नव्हे, तर गायकात तीस वर्षांत काय बदलले ते कानाला कळते. आधीच्या मुद्रणात तानेचा वेग आणि उमेद आहे. नंतरच्या मुद्रणात स्वर तंबोऱ्याच्या तारेसारखा लांबतो व तिथेच राहतो. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर मिरजेतच जन्मल्या, त्यांच्याही तबकड्या विपुल निघाल्या. आणि खाँसाहेबांची मुद्रिका ऐकून गदगचा एक शाळकरी मुलगा घर सोडून गुरूच्या शोधार्थ निघाला, हे पंडित भीमसेन जोशी यांच्या चरित्रातील प्रसिद्ध वृत्त आहे. एका तबकडीने एक गायक घडविला, असे म्हणण्यास मला तरी संकोच वाटत नाही.

मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आनंद वाटला. वाद्याची दफ्तरी नोंद झाली. परंतु त्या तंबोऱ्याच्या साथीत जे गायिले गेले, त्याची नोंद आपल्या गावात कोणी ठेवीत आहे काय?

केसरबाईंची एक कथा येथे सांगितली पाहिजे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन याने अवकाशात सोडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसविली होती व तीत जगभरचे निवडक संगीत होते. हिंदुस्थानी संगीतातून निवड झाली ती केसरबाईंच्या साडेतीन मिनिटांच्या भैरवीची. ज्यांनी निवड केली त्यांना ती मुद्रिका सहजासहजी मिळेना. अखेर न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली पडलेल्या धुळकट खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. ताऱ्यांकडे निघालेले ते गाणे आधी एका दुकानदाराच्या खोक्यात पडून होते. आम्हा दुकानदारांच्या टेबलाखाली अशी कितीतरी खोकी असतात!

आता तरुण मंडळी मला विचारतात की सर्व काही यू-ट्यूबवर मिळते, मग ही जड खोकी कशाला? प्रश्न रास्त आहे. मीही तेथे पुष्कळ ऐकतो आणि ज्यांनी परिश्रमपूर्वक ते चढविले त्यांचा ऋणी आहे. परंतु तेथे एकाच मुद्रिकेवर दोन गायकांची नावे दिलेली मी पाहिली आहेत. रागाचे नाव चुकीचे असते, साल नसते. खरखर काढण्याच्या भरात आवाजाची धार पुसली जाते. आणखी एक बाब म्हणजे गती. आरंभीच्या तबकड्या सर्वच मिनिटाला ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नाहीत. गती थोडी चढली तरी षड्ज वर सरकतो, पुरुषाचा कंठ बायकी वाटू लागतो आणि तान अकारण चपळ भासते. मूळ तबकडी जवळ असेल तर गती पुन्हा पडताळता येते. मूळ नाहीशी झाली की प्रतीवरची चूक हाच पुरावा होऊन बसतो. शिवाय नामवंतांचे मिळते, पण एक-दोनच तबकड्या निघालेल्या गायिकांचे, कीर्तनकारांचे, सनई-क्लॅरिओनेट वादकांचे काय? ते कोणाच्या तरी माळ्यावरच असते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने काय केले, ते या सभागृहात कोणाला सांगावयास नको. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते. पूर ओसरल्यावर एका स्नेह्यांच्या घरासमोर चिखलाचा ढीग पडला होता, त्यात त्यांच्या आजोबांच्या एकशेचाळीस तबकड्या होत्या. ते म्हणाले, घेऊन जा, नाहीतर नगरपालिकेची गाडी नेईल. मी त्या हातगाडीवर घालून आणल्या. कागदी पाकिटांचा लगदा झाला होता, मधल्या चकतीवरील कागद बहुतेकांवरून निघून गेला होता. गायक कोण, राग कोणता, काही कळण्यास मार्ग नव्हता. परंतु मुद्रण-क्रमांक कागदावर नसतो, तो खाचा संपतात तेथे लाखेतच ठसलेला असतो. ताग्याच्या काठावर गिरणीचे नाव असते ना, तसा. चकती धुतली, दिव्याखाली तिरपी धरली की आकडा दिसतो. मग तो सूचीशी ताडून पाहावयाचा.

अशा सूची करणारी माणसे आहेत, हे आपले भाग्य. ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनिअर यांनी भारतातील आरंभीच्या मुद्रणांची ग्रंथरूप सूची सिद्ध केली. मुंबईत १९९० पासून संग्राहकांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था उभी राहिली. अशा साधनांच्या आधाराने एकशेचाळीसपैकी एकोणनव्वद तबकड्यांची ओळख पटली. अठरा तडकल्या होत्या. उरलेल्या तेहतीस माझ्याकडे अनामिक म्हणून नोंदल्या आहेत. त्यांतील एका स्त्रीकंठातील तोडी मी गेली काही वर्षे ऐकतो आहे. गळा कोणाचा ते कळत नाही. पुराच्या पाण्याने खरखर वाढली आहे, परंतु कोमल गंधार अजून जिथल्या तिथे लागतो.

जतनाचे चार शब्द सांगतो, कारण चांगल्या हेतूनेच अधिक नुकसान होते. लाखेची तबकडी स्पिरिटने कदापि पुसू नये, स्पिरिटात लाख विरघळते. सौम्य साबणाचे थोडे पाणी, मऊ फडके आणि सावलीत वाळविणे पुरेसे आहे. एकावर एक आडव्या रचू नयेत, पुस्तकांप्रमाणे उभ्या ठेवाव्यात. जुन्या चावीच्या यंत्रावर पोलादी सुई प्रत्येक बाजूस बदलावी. एलपीच्या सुईने ७८ ची तबकडी वाजवू नये, कारण ती बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखरच अधिक उचलते. प्रत काढण्याविषयी अनेकांना कायद्याची भीती वाटते. आपल्या देशात ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे असतो. म्हणजे आपल्या आजोबांच्या काळातील तबकड्यांची मुद्रणे आता त्या बंधनातून मोकळी झाली आहेत.

राहता राहिला वारसाचा प्रश्न. माझ्या चिरंजीवांना या गाण्याची गोडी नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी दुकान उत्तम सांभाळले आहे. सूनबाई मात्र संगणकावर प्रती करून देतात आणि गाणे न समजताही क्रमांकात कधी चुकत नाहीत. मी अनेक मोठे संग्रह पाहिले, जे संग्राहकाच्या तेराव्यानंतर वजनावर गेले. कारण कोणती तबकडी कोणती हे त्या एका माणसाच्या डोक्यातच होते. म्हणून मी खतावणी ठेवली आहे, व्यापाऱ्याची लाल बांधणीची. तीत क्रमांक, गायक, राग, कोणाच्या घरून आली, आणि ऐकून काय वाटले, असे पाच रकाने आहेत. पाचवा रकाना काहींना अनावश्यक वाटतो. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो भरण्यासाठी तबकडी ऐकावीच लागते. संग्रह फोडू नये आणि जी संस्था तो श्रोत्यांना ऐकू देईल तिलाच द्यावा, असे मी लिहून ठेवले आहे. कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्या संस्थेला देऊ नये, हेही त्यात आहे.

तूर्त दर रविवारी सायंकाळी पाच वाजता आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर यंत्र लावलेले असते. ज्यांच्याकडे तबकड्या असतील त्यांनी त्या घेऊन याव्यात. मी त्या ठेवून घेणार नाही. क्रमांक नोंदवू, ऐकू, प्रत काढू आणि तबकडी आपली आपल्याला परत मिळेल. तडकलेली असली तरी टाकू नये, दोन तुकड्यांवरचा क्रमांकही वाचता येतो.