न दिसणारी जखम



शिपायाच्या छातीवरची जखम दिसते, म्हणून आपण तिचा गौरव करतो. मनाची जखम दिसत नाही. तिला भित्रेपणा म्हणून आपण मोकळे होतो.

पहिल्या महायुद्धात पळपुटेपणा, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिशांनी आपलेच शिपाई गोळ्या घालून मारले. त्यांतले काही मनाने मोडलेले होते. अशा ३०६ जणांना माफी मिळाली, ती २००६ साली! त्याच युद्धकाळात एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डॉ. रिव्हर्स मात्र खचलेल्या अधिकाऱ्यांना बोलते करीत. ‘विसरा’ असे न सांगता आठवणींना सामोरे जायला शिकवीत.

आपल्या पुण्यातच, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, १ डिसेंबर २०२३ रोजी जवान व त्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘टेलि-मानस’चा कक्ष उघडला. दूरध्वनीवर सल्ला मिळतो. पण दूरध्वनी उचलण्याआधी जवानाला दोन धास्ती असतात: बढती अडेल ही एक, लोक हसतील ही दुसरी. पहिली लष्कराने घालवावी. दुसरी आपणच घालवायची आहे.

माजी सैनिक भेटला की लढाईच्या गोष्टी आपण आवर्जून ऐकतो. ‘रात्री झोप लागते ना?’ हेही आपण विचारायला शिकू या.