नामघरातील भागवत

धर्मग्रंथ रंगभूमीवर आणताना पहिला पेच भाषेचा पडतो. मूळ संस्कृत तसेच ठेवावे, तर समोरचा शेतकरी नुसता हात जोडून बसतो. रोजच्या बोलीत उतरवावे, तर ग्रंथाचे गांभीर्य ओसरण्याची भीती.

आसामात श्रीमंत शंकरदेवांनी (१४४९–१५६८) यातून मार्ग काढला. ‘कालियदमन’, ‘पत्नीप्रसाद’ या नाटकांसाठी त्यांनी भागवताच्या दशम स्कंधातील कथा निवडल्या. (दुसरीत यज्ञात गढलेले विद्वान कृष्णाच्या सवंगड्यांना अन्न देत नाहीत आणि त्यांच्या स्त्रिया ते घेऊन धावतात, ही निवड सहज झालेली नसावी.) संस्कृत श्लोक त्यांनी राखले; गीते व संवाद मात्र ब्रजावलीत रचले. मैथिली-असमियाच्या मिश्रणातून घडलेली ही भाषा कोणाच्या घरची नव्हे, तरी कानाला परकी नाही. शिवाय संस्कृत नाटकातला सूत्रधार प्रस्तावनेनंतर निघून जातो. इथला अखेरपर्यंत रंगस्थळी राहून गातो, नाचतो, प्रसंग उलगडून सांगतो. निरक्षराच्याही हातून कथेचा धागा सुटत नाही.

हा प्रयोग, म्हणजे ‘भाओना’, होतो नामघरात. ते गावाचे प्रार्थनास्थळ, तशीच बैठकीची जागाही. खोल वाजविणारे, पात्रे, बांबूच्या सांगाड्यावर मुखवटे घडविणारे, बहुधा सारी गावचीच माणसे. स्त्रीभूमिका पूर्वी पुरुषच करीत; अलीकडे स्त्रियाही उतरू लागल्या आहेत. याच परंपरेतील सत्रिया नृत्याला संगीत नाटक अकादमीने २००० साली शास्त्रीय नृत्य म्हणून मान्यता दिली. भाओनाची तालीम मात्र आजही नामघरातच चालते.