उन्हाने काढलेली चित्रे
(सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



गेल्या हिवाळ्यात धारची काही मुले व पालक यांना घेऊन आम्ही शिक्षक देवासला प्रायोगिक छायाचित्रांचे एक प्रदर्शन पाहावयास गेलो होतो. छायाचित्र म्हटले की चेहरा, लग्न, नाही तर इमारत, अशी आपली समजूत. तेथे यांतले काहीच नव्हते. निळ्या कागदावर पांढरी पाने, काड्या, जाळीचा तुकडा, एवढेच. कॅमेरा तर वापरलेलाच नव्हता! एका पालकांनी विचारले, "सर, पण याचा उपयोग काय?" प्रश्न रास्त होता.

ही रीत नवी नाही. 1842 साली जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने ती शोधून काढली. लोखंडाच्या क्षारांचे द्रावण कागदाला लावून तो अंधारात वाळवावयाचा, त्यावर पान ठेवून उन्हात धरावयाचा आणि मग पाण्यात धुवावयाचा. ऊन लागते तेथे निळा रंग पक्का होतो. पानाखालची जागा पांढरी राहते. 1843 पासून अॅना अॅटकिन्स या बाईंनी समुद्रशैवालांची अशी चित्रे काढून ग्रंथ सिद्ध केला. पुढे इंजिनिअरांच्या नकाशांच्या निळ्या प्रतीही याच रीतीने निघू लागल्या. पालकांना उत्तर मिळाले.

आमच्याबरोबर बाघहून धारला शिकावयास आलेला, छपाईवाल्यांच्या घरातला एक मुलगा होता. एरवी तो फारसा बोलत नाही. ही माहिती ऐकून तो आपल्या बोलीत म्हणाला की, हे तर आमच्या घरचेच काम! आणि सांगू लागला : गंजलेल्या लोखंडापासून काळा रंग कसा करतात, तुरटीने लाल कसा धरतो, कापड वाहत्या पाण्यातच का धुवावे लागते. देवासची मुले त्याच्याभोवती जमली. ही विद्या गुणपत्रिकेच्या कोणत्याच रकान्यात मावत नाही. तो पुढे शिकेल की शाळा सोडेल, हे त्याच्या घरी अजून ठरलेले नाही.

बडोद्याच्या विद्यापीठात कला शिकविणाऱ्या नसरीन मोहम्मदी मागावरच्या ताणलेल्या धाग्यांची, रस्त्यावरच्या पट्ट्यांची छायाचित्रे घेत. त्यांच्या हयातीत ती कधी प्रदर्शनात मांडली गेली नाहीत. 1990 साली त्या वारल्या. 2016 साली न्यूयॉर्कचे मेट ब्रॉयर संग्रहालय उघडले, तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत त्यांचे प्रदर्शन होते. पाहणारी नजर उशिरा लाभली. आपल्या मुलांना इतके थांबावे लागू नये.

म्हणून या महोत्सवी वर्षी आमची एकच विनंती आहे. आपला ट्रस्ट शिष्यवृत्ती देताना टक्केवारी पाहतो. ती जरूर पाहावी. परंतु अर्जात आणखी एक रकाना असावा : मुलाला हाताने काय करता येते? तो आम्ही शिक्षकांनी मुलाच्या घरी जाऊन, काम प्रत्यक्ष पाहून भरावा. त्यासाठी लागणारी पायपीट आम्ही आनंदाने करू.